पावडरचा डबा आणि जिजीचा खांदा

आप्पांच्या छातीला ताटली चिकटलेली मी पहिल्यांदा पाहिली ती व्हिडिओ कॉलवर. 2021 सालचा जून होता. मृग लागून गेला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या खानदेशातला मे महिना भाजून काढतो, पण ती भाजणी कोरडी असते. अंगावर घाम टिकत नाही, मिठासारखा वाळून जातो. मृगाच्या उकाड्याची गोष्ट वेगळी. ढग येतात, वारा पडतो, बंडी पाठीला चिकटून बसते. अशा एका संध्याकाळी पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून फोन आला. ओट्यावर आप्पा उघडे बसलेले, छातीवर स्टीलची ताटली, खांद्याजवळ दोन चमचे, कपाळावर एक नाणं. मागे पोरांचा गलका. आप्पा मात्र हसत नव्हते. मोबाइल तोंडाजवळ आणून हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, माले काय व्हई गयं रे?"

आप्पा म्हणजे माझे चुलते, वय तेव्हा सत्तरीच्या जवळ. मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणून घरात कुणाला काही झालं, मोटार जळाली, विंचू चावला, बातमीत काही अजब आलं, की फोन माझ्याकडे येतो.

त्या आठवड्यात नाशिकची बातमी सगळ्या वाहिन्यांवर होती. कोविशील्ड या करोनाच्या लशीचा दुसरा डोस घेतल्यापासून आपल्या अंगाला चमचे, नाणी, ताटल्या चिकटतात, असं एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितलं होतं. पाठोपाठ पार सिलिगुडीपर्यंत तसेच दावे निघाले. हे खूळ आपल्याकडे जन्मलेलं नव्हतं. लोहचुंबक दंडाला चिकटवून दाखवण्याचे व्हिडिओ बाहेरच्या देशांत मे महिन्यापासूनच फिरत होते. 8 जूनला तर अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या विधिमंडळ समितीसमोर शेरी टेनपेनी या डॉक्टरबाईंनी लस घेतलेल्यांच्या कपाळाला किल्ल्या चिकटतात, असं साक्षीत सांगितलं. त्याच बैठकीत एकीने किल्ली स्वतःच्या मानेला लावून दाखवायचा प्रयत्न केला आणि ती पडली. केंद्र सरकारच्या पीआयबीने खुलासा केला की लशीमुळे शरीरात चुंबकत्व येऊच शकत नाही. अंनिसच्या कार्यकर्त्यांनीही याचा लशीशी संबंध नाही, असं सांगितलं. पण खुलासा आमच्या गावात पोचला नव्हता. ताटली पोचली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र आणि पट्टी-चुंबक घेतलं, वाटेत दुकानातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेतला आणि गाडी काढली. बोरी नदीचं पात्र कोरडं पडलेलं होतं. गावात शिरलो तेव्हा आप्पांच्या ओट्यावर दहा-बारा जण होते. कुणी चमचा आणत होतं, कुणी उलथनं. आप्पा एखाद्या तपासणीला बसावं तसे बसले होते.

आधी मी होकायंत्र काढलं. सुई उत्तर-दक्षिण स्थिर झाल्यावर ते आप्पांच्या छातीजवळ नेलं, मग पाठीजवळ, मग लस टोचली त्या दंडाजवळ. काटा हलला नाही. पट्टी-चुंबक मात्र वीतभर अंतरावर आणताच काटा गर्रकन फिरला. पोरांना ते लगेच कळलं. मग मी ताटली हातात घेतली.

ती ताटली जिजीच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या, लग्नातली. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, माहेरच्या मामांचं, खाली तारीख. इतकी वर्षं राखेने आणि नंतर साबणाने घासून घासून अर्धी अक्षरं पुसट झालेली. मी पट्टी-चुंबक ताटलीला लावलं. ते चिकटलं नाही, सरकून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. भांड्यांच्या दुकानात गेलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. दुकानदार स्वतःच चुंबक लावून दाखवतो. चिकटलं नाही तर माल चांगला, चिकटलं तर हलका. चांगल्या स्टीलमध्ये क्रोमियमसोबत निकेलही असतं आणि त्याची घडणच अशी होते की चुंबक त्याला ओढत नाही. म्हणजे जी ताटली खऱ्या लोहचुंबकाला दाद देत नव्हती, ती आप्पांच्या छातीला चिकटत होती. नाण्यांचंही तसंच. एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, पाचचं पिवळं आणि दहाचं दुरंगी चिकटत नाही. आप्पांच्या कपाळावर दहाचं नाणं होतं.

जिजीने स्वयंपाकघरातून प्लास्टिकचं झाकण आणून दिलं. तेही चिकटलं. बरणीचं काचेचं झाकण चिकटलं. मग मी आप्पांची छाती कोरड्या पंच्याने पुसली आणि पावडर लावली. ताटली टेकवली आणि हात काढला. ती आप्पांच्या मांडीवर पडली, तिथून ओट्यावर, आणि खणखणत गोल फिरून थांबली. चमचे पडले. नाणं पडलं.

घाम, कातडीवरचा तेलकटपणा, गुळगुळीत सपाट भांडं आणि बसताना जरासं मागे रेललेलं अंग. एवढ्या चार गोष्टी जमल्या की वस्तू चिकटते. लस न घेतलेल्या माझ्या पुतण्याच्या अंगाला मी त्याच ओट्यावर तीच ताटली चिकटवून दाखवली.

गावातला एक शिकलेला तरुण म्हणाला, सर, पण लशीत मॅग्नेशियम असतं ना? त्याचा प्रश्न खरा होता आणि मला तो आवडला. कोविशील्डमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा क्षार असतो. शिवाय हिस्टिडीन, पॉलिसॉर्बेट, थोडं इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए आणि पाणी. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांतलं काही नाही. मॅग्नेशियम आणि मॅग्नेट ही दोन्ही नावं ग्रीकांच्या मॅग्नेशिया या एकाच भागावरून पडली, म्हणून सारखी वाटतात. पण मॅग्नेशियमला चुंबक ओढत नाही. मग मी त्याला हिशोब करायला लावला. एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा. समजा, कंपनीने लस काढून टाकली आणि तेवढ्या जागेत निव्वळ लोखंड भरलं. किती मावेल? चार ग्रॅमच्या आत. इतकं लोखंड आपल्या अंगात आधीपासूनच असतं, बहुतेक रक्तात, आणि तरी आपण दाराच्या कडीला चिकटत नाही. आणि ते चार ग्रॅम डाव्या दंडात टोचलेले. छातीवरची ताटली त्यांनी कशी धरावी?

लोक पांगले. आप्पा बंडी घालून आत गेले आणि खाटेवर बसले. मला वाटलं होतं, ते सुटल्यासारखे हसतील. ते म्हणाले, "मी काय खोटं बोली राहिनू का?"

त्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आप्पा खोटं बोलत नव्हते. ताटली खरोखर चिकटत होती. आणि त्यांना जे वाटत होतं त्यामागे एप्रिल होता. त्या एप्रिलमध्ये त्यांचे साडू धुळ्याला दवाखान्यात नेले आणि परत आणता आले नाहीत. चितेजवळही जाता आलं नाही. त्याआधीच्या वर्षी जळगाव जिल्ह्यातला करोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर होता आणि ते आकडे आमच्या भागात आकडे म्हणून कुणी वाचत नव्हतं, आडनावं म्हणून वाचत होतं. अशा वेळी माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या अंगावर काही बदललंय का, हे शोधतो. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या शरीराकडे फक्त राबायचं साधन म्हणून पाहिलं, तो पहिल्यांदा त्याच्याकडे संशयाने पाहत होता. मी आप्पांना एवढंच म्हणालो की तुम्ही दाखवलं म्हणून आम्हाला तपासता आलं. ते थोडे निवळले. जिजीने चहा आणला.

माझ्या पुतण्याने या सगळ्याचं चित्रण केलं होतं. ते गावात फिरलं, मग तालुक्यात. शाळेतल्या सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो अभिमान पुढचे कित्येक महिने माझ्या अंगात भिनून राहिला, हे मला आज लिहायचं आहे.

जिजीने त्या वेळेपर्यंत लस घेतली नव्हती. चुंबकाचं भय गेल्यावर जुलैत ती शेजारणींबरोबर गेली. त्या दिवशी केंद्रावर रांग मोठी होती. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट, वर सरकेना. मग टोचणाऱ्या बाईंनी गळ्याकडून ब्लाउज खांद्यावरून जरा खाली ओढला आणि जेवढी जागा उघडी पडली तिथे सुई दिली. जिजी घरी आली, त्याच रात्रीपासून खांदा दुखायला लागला.

दंड एक-दोन दिवस दुखतोच. मीच फोनवर तसं सांगितलं. आठवड्याने तिने पुन्हा सांगितलं, "हात वर जात नही." मी म्हटलं, शेक दे. गावातली पोरं एव्हाना तयार झालेली होती. जिजीने खांद्याला हात लावला की कुणीतरी म्हणायचं, चुंबक लागलं वाटतं, चमचा आणा रे. माझंच चित्रण त्यांच्या हातात होतं. लशीने काही झालं असं जो म्हणेल त्याला हसायचं, एवढाच धडा त्यांनी त्यातून घेतला होता. आणि खरं सांगायचं तर मीही तोच घेतला होता. जिजीने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला समजावलं की हे मनाचं असतं. चौथ्यांदा तिने सांगितलं नाही.

दिवाळीला गावी गेलो. जिजी ओट्यावर बसली होती आणि सून तिची वेणी घालत होती. आयुष्यभर जिने स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला, ती मान खाली घालून बसलेली. मी विचारलं, तर सून म्हणाली, चार महिने झाले, त्यांचा हात डोक्यापर्यंत पोचत नाही. भाकरी थापतात, पण तव्यावर टाकायला मला हाक मारतात. फडताळात वरच्या फळीवर असलेली ती लग्नातली ताटलीही त्यांनी खालच्या फळीवर आणून ठेवलेली मी पाहिली.

धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी तिला नेलं. त्यांनी आधी साखर तपासली, कारण मधुमेहात खांदा असाच आखडतो. साखर ठीक निघाली. आधी कधी दुखत होता का, पडल्या होत्या का, दुखणं नेमकं कधी सुरू झालं, सुई कुठे दिली, बोट ठेवून दाखवा. जिजीने बोट ठेवलं ते खांद्याच्या टोकाच्या हाडाला लागूनच. डॉक्टरांनी तिथून दोन-तीन बोटं खाली स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाले, सुई इथे द्यायची असते. वर दिली तर कधी कधी ती स्नायूत न जाता हाड आणि स्नायू यांच्यामधल्या पातळ पिशवीत जाते. तिथे सूज धरते, हलवलं की दुखतं, दुखतं म्हणून माणूस हलवत नाही आणि हलवला नाही की खांदा आखडतो. ते हेही म्हणाले की चार महिन्यांनंतर हे शंभर टक्के त्यामुळेच झालं असं मी लिहून देऊ शकणार नाही, पण वेळ जुळते, जागा जुळते आणि असं होतं हे माहीत आहे.

घरी येऊन मी वाचत बसलो. ही इजा वैद्यकशास्त्राला नीट ठाऊक आहे. अमेरिकेत लशीच्या नुकसानभरपाईची जी सरकारी यादी आहे, तिच्यात लस टोचताना होणारी खांद्याची ही इजा 2017 मध्ये घातली गेली. त्यात एक अटही आहे: दुखणं टोचल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालेलं असावं. लस कुठली, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. बाटलीतलं द्रव्य निर्दोष असूनही सुईच्या जागेने इजा होते. खबरदारी अगदी साधी आहे. बाही खालून वर गुंडाळायची, गळ्याकडून खाली ओढायची नाही. बाही वर जात नसेल तर आडोसा करून हात बाहेर काढायचा. आमच्या गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या ब्लाउजची बाही घट्ट आहे. त्या टोचणाऱ्या बाईंचा मला राग येत नाही. दिवसभर उभं राहून त्यांनी किती जणांना टोचलं असेल, आणि आडोसा धरायला दुसरं माणूस होतं कुठे? मला दुःख याचं आहे की ज्या जूनमध्ये सगळी माध्यमं ताटल्या दाखवत होती, त्या जूनमध्ये बाहीची गोष्ट कुणी सांगितली असती तर ती गावोगाव पोचली असती.

त्याच जूनमध्ये आणखी एक बातमी आली होती आणि ती आतल्या पानावर विरून गेली. लशीनंतरच्या गंभीर घटनांची तपासणी करणाऱ्या केंद्रीय समितीने 31 प्रकरणं तपासली आणि त्यांतला एक मृत्यू लशीनंतरच्या तीव्र ॲलर्जीमुळे झाला, असं मान्य केलं. 68 वर्षांच्या त्या माणसाने 8 मार्चला लस घेतली होती. भारतात लशीमुळे झालेला म्हणून मान्य झालेला हा पहिला मृत्यू. अशी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांतच उसळते, म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. आमच्या गावचे कितीतरी जण निंदणी राहिली, म्हैस दोहायची आहे म्हणून दहाव्या मिनिटाला उठून आले. आप्पाही आले होते. चुंबकाबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. त्या अर्ध्या तासाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. मीही नाही, आणि ओट्यावर दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण सगळे जाणतो. ज्यांच्या नावाने ती आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती टोचली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. लोक मेले याविषयी वाद नव्हता. वाद होता की जंतू आला कुठून. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पण बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. मातीत पडलेल्या एका चिमट्याकडे नीट बघायला पाच वर्षं लागली. जिजीच्या बाहीचा विचार करताना मला तो चिमटा आठवतो. लस वाईट, असं म्हणणाऱ्यांना तो दिसला नाही. काहीच झालेलं नाही, असं म्हणणाऱ्यांनाही तो दिसला नसता.

आप्पांच्या छातीवर मी होकायंत्र फिरवलं, पावडर लावली, दुसऱ्याच्या अंगावर तोच प्रयोग करून पाहिला. कधीपासून, कुठे, कशाने, हे सगळं विचारलं. जिजीला मी यातला एक प्रश्नही विचारला नाही. तिची तक्रार अजब नव्हती, म्हणून मी तिच्यासाठी गाडी काढली नाही. आप्पांच्या ताटलीसाठी दुसऱ्याच दिवशी निघालो होतो. संशय घ्यायचा तर तो दोघांवर सारखाच घ्यायला हवा होता, हातात तीच साधनं घेऊन, तितक्याच जवळ बसून. मुलांना मी वर्गात सांगतो की आधी बघा, मग बोला. घरात मी आधी बोललो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम सांगितला. भिंतीसमोर उभं राहायचं, दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायची, जिथे थांबतील तिथे खूण करायची. जिजीने स्वयंपाकघरातली भिंत निवडली आणि खुणेसाठी चुलीतला कोळसा. पहिली रेघ तिच्या छातीच्या उंचीवर होती. मी दर रविवारी फोन करून विचारायचो, आज किती? ती बोटांत सांगायची. एक बोट वर. दीड बोट. संक्रांतीपर्यंत रेघ खांद्यावर गेली. होळीला हनुवटीपर्यंत. मध्ये एक महिना हलली नाही, तेव्हा ती रडली, असं सूनबाईने सांगितलं.

2022 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे गावी होतो. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. जिजी खापरासमोर बसली. आमच्याकडचे मांडे पोळपाटावर लाटून संपत नाहीत. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांच्या मुठींवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायची, ती कोपरापर्यंत लोंबायला लागते, मग हात उंच करून खापरावर अलगद सोडायची. जिजीने पहिला मांडा सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला तिचा डावा हात थोडा मागे राहिला आणि एका बाजूला घडी पडली. तिने तो तसाच भाजला आणि सुनेला जागा दिली. मी जवळ जाऊन विचारलं, दुखतो का? ती म्हणाली, "दुखस. पन जास वर."

त्या दिवशी मी आत जाऊन भिंत पाहिली. सव्वीस रेघा होत्या, खालच्या जाड आणि एकमेकींना चिकटलेल्या, वरच्या बारीक आणि लांब लांब. शेवटची फडताळाच्या वरच्या फळीच्या उंचीवर होती. ताटली पुन्हा तिथे उभी केलेली होती. पुढच्या दिवाळीला घराला चुना द्यायला माणसं आली, तेव्हा तेवढ्या वीतभर पट्ट्यावर कुंचा फिरवायचा नाही, असं जिजीने त्यांना उभं राहून सांगितलं.